खळ उतरवा, सूत सांभाळा

आपल्या व्यापारी वर्गात एक जुनी समजूत अजून टिकून आहे. पोट सुटले म्हणजे माणसाचे बरे चालले आहे, गादीवर बसणारा शेठ अंगाने भरलेला असावा, रोडका दुकानदार गिऱ्हाइकाच्या नजरेत भरत नाही. ज्या काळात पोटभर अन्न हीच चैन होती, त्या काळी या समजुतीला काही अर्थ असेल. आज तसा उरलेला नाही. आज सुटलेले पोट हे बरकतीचे लक्षण नसून येऊ घातलेल्या देण्याची पहिली नोटीस आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. १ लाख १३ हजारांवर लोकांच्या तपासणीवरून काढलेला अंदाज असा की, देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर मर्यादेपेक्षा जास्त असलेल्यांचे प्रमाण ३९.५ टक्के निघाले. म्हणजे दुकानासमोरून दहा माणसे गेली तर त्यांतील चौघांचे पोट हद्दीबाहेर गेलेले आहे.

यावर व्यापार-पानावर कशासाठी लिहायचे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, याच पानावर लिहायला हवे. आपले बहुतेक धंदे एका माणसाच्या डोक्यावर आणि शरीरावर उभे असतात. उधारी कोणाकडे किती, कोणता रंगारी माल वेळेवर देतो, कोणत्या दलालाच्या शब्दावर विसंबावे, हे सारे मालकाच्या डोक्यात असते, वहीत निम्मेही नसते. तो माणूस पन्नाशीत आडवा झाला की दुकानाचे शटर अर्धे खाली येते. कारागिराचे तर याहून कठीण आहे. जरीकाम करणारा, शिवणयंत्रावर बसणारा, यंत्रमाग चालवणारा, या सर्वांचा कारखाना म्हणजे त्यांचे स्वतःचे हात, पाठ आणि डोळे. त्याला रजेचा पगार नाही आणि बहुतेकांना विमाही नाही. ज्या भांडवलावर घर चालते त्याची देखभाल हा व्यापाराचाच विषय आहे.

काटा काय सांगतो आणि काय लपवतो

आम्ही कापडवाले. आम्हाला जे समजते ते आधी कापडाच्या भाषेत समजते, म्हणून त्याच भाषेत सांगतो. ताण्याचे सूत मागावर टिकावे म्हणून त्याला खळ देतात. ती गरजेची आहे. पण तागा भारी वाटावा, हाताला जाड लागावा म्हणून काही जण गरजेपेक्षा जास्त खळ चढवतात. असे कापड पहिल्या धुण्यात निम्मे होते आणि उरते ती जाळी. सुताच्या वजनात ओलीचाही हिशेब असतो. कापसाच्या सुतात साडेआठ टक्के ओल गृहीत धरूनच व्यवहार होतो, कारण पावसाळ्यात तेच सूत जड भरते आणि उन्हाळ्यात हलके. म्हणून जाणता व्यापारी नुसत्या काट्यावर माल घेत नाही. वजनात सूत किती, खळ किती आणि ओल किती, हे तो पाहतो.

शरीराचे तसेच आहे. स्नायू म्हणजे सूत, जादा चरबी म्हणजे गरजेबाहेर चढलेली खळ आणि पाणी म्हणजे ओल. वजनकाट्यावर उभे राहिले तर काटा या तिघांची बेरीज सांगतो, फोड करून देत नाही. ‘आठ दिवसांत पाच किलो कमी’ अशा जाहिराती याच आंधळेपणावर चालतात. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक राखीव साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात, पोळी, साखर एकदम बंद केली की हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जाते. काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो, माणूस खूश होतो. प्रत्यक्षात बहुतांश ओल गेली, खळ जागच्या जागी राहिली. पुढे उपाशीपोटी तसेच रेटले तर चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात. हे म्हणजे खळ काढण्याच्या नादात सूतच उपटण्यासारखे आहे. नंतर पूर्वीचे खाणे सुरू झाले की वजन परत येते, पण येते ते मुख्यतः चरबीच्या रूपात. अशा चार फेऱ्या झाल्या की माणूस पूर्वीइतकाच जड आणि पूर्वीपेक्षा दुबळा होतो.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी. आपल्याला वजन कमी करायचे नाही, चरबी कमी करायची आहे. या दोन्हींत खळ आणि सूत यांच्याइतका फरक आहे.

टेप आपल्या गळ्यातच आहे

चरबी मोजण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. शिंप्याच्या गळ्यातला टेप पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. आपल्याकडील पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही हद्द मानली जाते. पँटचे माप यासाठी चालत नाही. तयार कपडे विकणाऱ्यांना ठाऊक आहे की, पोट वाढते तसा गिऱ्हाइकाचा पट्टा खाली सरकतो आणि दहा वर्षे ‘आमचे माप चौतीसच’ असे समाधान चालू राहते.

बारीक दिसणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर मोठे काम केले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या हिशेबाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ इतका होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे आपली माणसे बाहेरून सडपातळ दिसली तरी आतून चरबी बाळगून असतात. म्हणूनच हा निर्देशांक युरोपियांसाठी २५ पर्यंत ठीक समजला जातो, पण भारतीयांसाठी २३ च्या पुढे सावध व्हावे आणि २५ ला लठ्ठपणा मानावा, असे आपल्या डॉक्टरांनी २००९ साली ठरवले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागावर पाळीपाळीने उभे राहणारे अनेक कामगार अशक्त आहेत. त्यांना चरबी उतरवण्याचा उपदेश करणे म्हणजे थट्टा होईल. त्यांना पोटभर आणि सकस अन्न हवे. हा लेख मुख्यतः गादीवर, गल्ल्यावर, शिवणयंत्रावर आणि गाडीच्या सीटवर दिवस घालवणाऱ्यांसाठी आहे.

जमाखर्च

चरबीचा हिशेब हा वहीखात्याइतकाच सरळ आहे. खाल्लेली ऊर्जा जमा, वापरलेली ऊर्जा खर्च आणि शिल्लक चरबीच्या गोदामात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला साधारण अर्धा किलो चरबी उतरते. पुढे पुढे हा वेग मंदावतो, कारण शरीर लहान झाले की त्याचा खर्चही कमी होतो. याहून फार घाई करू नये. बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची रोजची गरज सुमारे २,१०० कॅलरी आणि ५५ किलोच्या स्त्रीची सुमारे १,६६० धरली जाते. त्यातून किती काटता येईल याचा अंदाज यावरून करावा.

आता आपल्या घरातील खर्चाचे मोठे रकाने पाहू. एक लिटर तेलात आठ हजारांहून अधिक कॅलरी असतात. म्हणजे तेलाची एक पिशवी ही जवळजवळ अंगावरच्या एक किलो चरबीएवढी आहे. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज तीस ग्रॅम पडते आणि ते ठीक आहे. तेच आठ-नऊ लिटर लागत असेल तर डॉक्टरकडे जाण्यापूर्वी स्वयंपाकघराचा जमाखर्च पाहावा.

दुसरा रकाना चहाचा. बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजणे हा आपल्या धंद्याचा रिवाज आहे आणि तो मोडू नये. पण पाजणारा प्रत्येक वेळी स्वतःही पितो. दिवसाला सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हटले तरी पन्नास ग्रॅमच्या वर साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली बाहेरच्या साखरेची कमाल हद्द इतकीच आहे आणि २५ ग्रॅमच्या आत राहणे त्याहून चांगले. पाहुण्याला गोड चहा द्यावा, स्वतःसाठी बिनसाखरेचा मागवावा. यात कोणाचा अपमान होत नाही.

तिसरा रकाना दावतींचा. वलीमा, अकीका, साखरपुडा, हे सारे व्हायचेच. आमंत्रण नाकारावे असे आम्ही म्हणत नाही. ताट एकदाच वाढून घ्यावे, आधी गोश्त, कबाब, दही आणि कांदा-काकडी, मग बिर्याणी, आणि फिरनीची एकच वाटी. आग्रह करणाऱ्यांनीही जरा थांबावे. ज्याला मधुमेह आहे त्याच्या ताटात जबरदस्तीने शाही तुकडा टाकणे ही मेहमाननवाजी नव्हे.

रमजानच्या महिन्याबद्दल वेगळे सांगावेसे वाटते. रोजे ठेवूनही वजन फारसे उतरत नाही, उलट काहींचे वाढते, याचे कारण दिवसाच्या उपवासात नसून इफ्तारच्या कढईत आहे. दोन मोठे समोसे म्हणजे सुमारे पाचशे कॅलरी. त्यावर भजी आणि साखरेचे सरबत आले की दिवसभराची तूट पंधरा मिनिटांत भरून निघते. रोजा इबादतीसाठी आहे, वजन उतरवण्यासाठी नाही, हे खरेच. पण खजूर, पाणी, फळे, चण्याचे चाट, मग शांतपणे जेवण, आणि सहेरीला अंडी, दही, डाळ, पोळी असा बेत ठेवला तर त्या महिन्यात लागलेली शिस्त ईदनंतरही चालवता येते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाचे वेळापत्रक बदलून घ्यावे, नाहीतर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. आहार कमी करून वजन उतरवतानाही हीच काळजी घ्यावी.

सूत सांभाळण्याचे दोन उपाय

चरबी उतरताना स्नायू टिकवायचे असतील तर दोन गोष्टी लागतात, पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली चाळीस तरुणांवर एक प्रयोग झाला. चार आठवडे सर्वांचे खाणे गरजेपेक्षा चाळीस टक्क्यांनी कमी केले आणि सर्वांकडून कसून व्यायाम करून घेतला. शरीराच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची ३.५ किलो चरबी गेली आणि स्नायू होते तेवढे राहिले. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि अर्धपोटी असूनही चरबी सोडून उरलेले वजन सव्वा किलोच्या आसपास वाढले. ही तरुणांची आणि फार कठोर कसरत होती, तुम्हा-आम्हाला तशी झेपणार नाही. पण दिशा त्यातून कळते.

आपल्यासारख्यांनी किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने धरली तरी पुष्कळ झाले. सत्तर किलोच्या माणसाला ८४ ते ११२ ग्रॅम. हे आपल्या दस्तरखानावर मिळते. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम कच्च्या बिनचरबीच्या कोंबडीच्या मांसात वीस ग्रॅमच्या वर, मासळीत साधारण तेवढेच, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस-चोवीस, भाजलेल्या चण्यात वीसच्या आसपास, आणि सोयाबीनच्या वड्यांत तर पन्नासच्या वर. खिमा घरी करताना चरबी काढून घ्यावी, वर तरंगणारी तर्री गाळून घ्यावी. निहारी आणि पाया महिन्यातून एखाद्या वेळेस. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

आता व्यायाम. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे विद्या, मराठीत ‘तालीम’ म्हणजे कुस्तीचा आखाडा. शब्द एकच, अरबीतून आलेला. शरीराला वळण लावणे हेही शिक्षणच आहे, असे ज्या पिढ्यांनी मानले त्यांचा हा शब्द आहे. आपण त्यातला एकच अर्थ ठेवला आणि मुलांना शाळेत घालून स्वतः गादीवर बसलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. आपल्यात चालणारे भेटतात, ताकदीचा व्यायाम करणारे चाळिशीनंतर शोधावे लागतात. त्यासाठी आखाडा किंवा जिम हवीच असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला किंवा ओट्याला टेकून दंड, पुढे झेपेल तशा बैठका आणि जमिनीवरचे दंड, दोन्ही हातांत पाण्याने भरलेले पाच लिटरचे कॅन घेऊन चालणे आणि तेच कमरेतून वाकून छातीकडे ओढणे, एवढे आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास केले तरी पाय, पाठ, छाती, हात सर्वांना काम मिळते. दर दोन आठवड्यांनी थोडी भर घालावी. भर घातली नाही तर शरीराला नवे काही बांधण्याचे कारण उरत नाही. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पूर्वीचा हृदयविकार असेल त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

‘आम्ही दिवसभर दुकानात उभेच असतो’ हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकतो. उभे राहणे हा थकवा आहे, व्यायाम नव्हे. आणि झोपेची उधारी वेगळीच. रात्री बारापर्यंत दुकान, मग जेवण, मग एक वाजता झोप आणि फज्रला जाग. शिकागो विद्यापीठात २०१० साली दहा जणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात कमी आहारावर असलेल्या त्याच माणसांना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची वेळ दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच उतरले, पण कमी झोपेत उतरलेली चरबी निम्म्याहून कमी भरली. बाकीचे गेले ते सूत.

डबे, गोळ्या आणि इंजेक्शने

आता ज्या गोष्टीवर आपली तरुण मुले सर्वाधिक पैसा घालवतात तिच्याकडे येऊ. आमचे मत असे की, पूरक पदार्थ हा बटणासारखा आहे. कापड चांगले आणि शिलाई नीट असेल तर बटण उपयोगी पडते. नुसत्या बटणांचा सदरा होत नाही.

ज्यांचा उपयोग आहे असे मोजकेच आहेत. व्हे प्रोटीन म्हणजे दुधाच्या निवळीतले प्रथिन. ज्याच्या जेवणात प्रथिने पुरत नाहीत त्याला ते सोयीचे, पण त्यात जादू नाही. चार अंडी खाणाऱ्याला त्याची गरज कमी. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्यास ताकदीच्या व्यायामात मदत होते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. ते चरबी जाळत नाही, उलट स्नायूंत पाणी धरल्यामुळे सुरुवातीला वजन किलो-दीड किलो वाढते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन किंचित वर दिसू शकते, म्हणून डॉक्टरांना तसे सांगावे, आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांनी ते घेऊ नये. इसबगोल हा आपल्या घरातलाच पदार्थ आहे. भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास पोट भरल्यासारखे वाटते आणि कोठा साफ राहतो. ‘ड’ जीवनसत्त्व किंवा बी-१२ कमी असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे, पण त्यांनी चरबी उतरत नाही. साठ हजार युनिटच्या ‘ड’च्या पुड्या मनाने आठवडोन्‌आठवडे घेत राहणे धोक्याचे आहे.

चरबी जाळण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा इतिहास मात्र काळा आहे. आपल्या कोकमाच्याच जातकुळीतल्या मलबारी चिंचेचा अर्क जगभर ‘गार्सिनिया’ या नावाने खपवला गेला. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे प्रयोग झाला, तेव्हा खोटी गोळी घेणारे आणि अर्क घेणारे यांच्यात फरक निघाला नाही. पुढे त्याने यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही नोंदली गेली. एफेड्रा या वनस्पतीच्या गोळ्यांवर अमेरिकेने २००४ साली बंदी घातली. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध हृदयाला धोका असल्यामुळे आपल्या देशात २०११ साली बंद झाले, तरी ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते चोरून मिसळलेले अनेकदा सापडले आहे. आणि डायनायट्रोफिनॉल हे नाव आमच्या रंगारी बंधूंना अनोळखी नसावे, कारण सल्फर ब्लॅक हा काळा रंग त्यापासून तयार करतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते चरबी उतरवायला दिले गेले. माणसे आतून तापून मेली, काहींची दृष्टी गेली, आणि १९३८ साली ते माणसाला देण्यास अयोग्य ठरले. आजही ते चोरून विकले जाते आणि त्याने माणसे मरतात. जे रसायन रंगाच्या कारखान्यात हातमोजे घालून हाताळायचे, ते पोटात घालू नये.

इंजेक्शनांचे आणखी गंभीर आहे. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्याचे औषध आहे. जिममध्ये जाणाऱ्या मुलांना ते ताकदीचे इंजेक्शन म्हणून विकल्याच्या प्रकरणांत आपल्या राज्यात पोलिसांना कारवाया कराव्या लागल्या आहेत. स्टेरॉइडचेही तसेच. मुलाच्या दंडाकडे कौतुकाने पाहणाऱ्या वडिलांनी एकदा त्याच्या बॅगेतही पाहावे. वजन उतरवण्याची सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड यांसारखी नवी इंजेक्शने ही खरी औषधे आहेत, काहींना ती उपयोगीही पडतात. पण ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असतात, आणि बंद केल्यावर वजन परत येते असे दिसले आहे. आहार आणि व्यायाम त्यांच्याबरोबरही करावाच लागतो.

हलालचा प्रश्नही येथे येतो. व्हे पावडरवर सहसा हिरवे चिन्ह असते, पण तेल किंवा जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. ते कोणत्या जनावराचे, हे लेबलवर पाहावे, नसेल तर कंपनीला विचारावे. क्रिएटिन कारखान्यात रसायनांपासून बनवतात, त्यात मांसाचा संबंध नसतो. त्याची नुसती भुकटी घेतली तर कॅप्सूलचा प्रश्नच उरत नाही.

विकणाऱ्या बांधवांना दोन शब्द

आपले अनेक तरुण आता या डब्यांच्या व्यापारात उतरले आहेत. धंदा करण्यास आमचा विरोध नाही. पण २०२४ साली देशातील ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यांपैकी जवळजवळ सत्तर टक्क्यांवर प्रथिनांचा छापलेला आकडा खरा नव्हता. काहींत तर निम्मेच प्रथिन निघाले. यातली युक्ती कापडवाल्याला चटकन कळेल. प्रयोगशाळा बहुधा नायट्रोजन मोजून प्रथिनांचा हिशेब काढते. ग्लायसिन, टॉरिन यांसारखे स्वस्त घटक मिसळले की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिन भरते. वजनासाठी खळ चढवण्याचीच ही दुसरी तऱ्हा. यालाच आपण मापात पाप म्हणतो.

तेव्हा विकणाऱ्याने पक्के बिल असलेला माल घ्यावा, डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख पाहावी, आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता पाहावा. डब्यावर ग्लायसिन, टॉरिन वेगळे टाकल्याची नोंद असेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात खोट्या लेबलबद्दल तीन लाखांपर्यंत, फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि असुरक्षित मालामुळे कोणी दगावला तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण कायद्याच्या आधी गिऱ्हाइकाचा विश्वास असतो. सोळा वर्षांच्या मुलाला ‘आधी सहा महिने अंडी खा, बैठका मार, मग ये’ असे सांगणारा दुकानदार एक डबा गमावील, पण ते घर त्याला विसरणार नाही.

शेवटी पैशाचा क्रम सांगतो. हातात रुपया असेल तर तो आधी दस्तरखानावर, मग तालमीवर आणि उरला तरच डब्यावर खर्च करावा. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाला सहा वर्षांहून कमी काळ झालेल्यांचे वजन आहाराने उतरवले. वर्षअखेर त्यांतील ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, आणि पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. म्हणजे हे कर्ज फेडता येते, आणि लवकर फेडायला घेतले तर जास्त करून फिटते. जुम्याच्या दिवशी हिशेबाची वही मिटल्यावर प्रत्येकाने टेप घेऊन आपले पोट मोजावे आणि तो आकडा तारखेसह वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा. तीन महिन्यांनी तो आकडा किती खाली आला, हे आमच्या शब्दांपेक्षा त्या पानालाच विचारावे.